आरशातील रस्ता आणि चालकाचे आसन

मोटार हे वाहन आता कुटुंबातील एकाच माणसाच्या मुखत्यारीत राहिलेले नाही. सकाळी ज्या आसनावर वडील बसतात त्याच आसनावर दुपारी कन्या आणि रविवारी बदली ड्रायव्हर बसतो. आणि तिघांची उंची, हातापायांची लांबी व दृष्टीची पातळी सर्वस्वी भिन्न असूनही, मागच्याने आरसे ज्या स्थितीत सोडले त्याच स्थितीत पुढच्याने ते स्वीकारावेत, असा जणू दस्तूरच पडून गेला आहे. इंजिन सुरू झाले की वाहन चालविण्यास आरंभ झाला आणि त्यापूर्वीची सारी जुळवाजुळव ही केवळ नवशिक्याने पाळावयाची औपचारिकता, ही समजूत या विषयातील बहुतेक गैरसमजांची जननी आहे. वस्तुतः गाडी जागेवरून हलण्यापूर्वीची ती एकदोन मिनिटेच चालकाच्या पूर्णपणे स्वाधीन असतात. पुढील सारा वेळ त्याला रस्त्याच्या तंत्राने वागावे लागते.

पहिला गैरसमज क्रमाविषयीचा आहे. आरसे आधी लावावेत आणि आसन मागाहून सोयीप्रमाणे सरकवावे, असे पुष्कळ लोक करतात. आरशात काय दिसेल हे आरसा कोठे आहे यावर जितके अवलंबून असते तितकेच पाहणाऱ्याचा डोळा कोठे आहे यावरही असते. आपाती किरण आणि परावर्तित किरण आरशाशी समान कोन करतात हा शाळेत शिकलेला नियम येथे अक्षरशः लागू पडतो. आसन चार बोटे पुढे घेतले अथवा पाठ थोडी उभी केली, की मघाशी नीट लावलेल्या आरशात निराळाच देखावा येतो. म्हणून प्रथम आसन, मग स्टिअरिंग, त्यानंतर आरसे आणि शेवटी पट्टा, हाच क्रम युक्त होय. आणि यांपैकी काहीही चालत्या गाडीत करू नये. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर अंतर तोडते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे चालता चालता आरशाशी चाळा करणे किती महागाचे आहे हे निराळे सांगावयास नको.

दुसरा गैरसमज अधिक खोल रुजलेला आहे, आणि त्याचा तपशिलाने परामर्श घेणे मला आवश्यक वाटते. बाहेरच्या आरशात आपल्या गाडीची बाजू ठळकपणे दिसली पाहिजे, तरच आरसा बरोबर लागला, असे बहुसंख्य चालक मानतात. किंबहुना पुष्कळांना तसेच शिकविलेले असते. परिणामी आरशाचा तिसरा हिस्सा स्वतःच्याच गाडीच्या दारांनी व्यापला जातो आणि उरलेल्या भागात प्रायः तोच रस्ता दिसतो, जो आतल्या आरशात मागच्या काचेतून आधीच दिसत असतो. एकाच दृश्याच्या तीन प्रती हाती येतात. आणि ज्या पट्ट्यात मागून येणारी मोटारसायकल आपल्या मागच्या दाराच्या बाजूला येऊन ठाकते तो पट्टा तिन्ही आरशांतून निसटतो. यालाच आपण ब्लाइंड स्पॉट म्हणतो. हा आंधळा कोपरा ही वाहनाच्या रचनेतील अटळ उणीव आहे असे समजून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. तिचा मोठा भाग आरसा चुकीचा लावल्यामुळे निर्माण होतो. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने 1995 साली एका शोधनिबंधात या प्रश्नाची भूमिती मांडून तो कोपरा आकुंचित करण्याची रीत सुचविली. आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो, हे लक्षात घेऊन ती रीत अशी सांगता येईल.

गाडी सपाट जागी उभी करावी. आतला आरसा मागची संपूर्ण काच चौकटीत बसेल असा लावावा. मग मस्तक उजवीकडे झुकवून खिडकीच्या काचेला जवळजवळ टेकवावे आणि त्या स्थितीत उजवा आरसा इतका बाहेर वळवावा, की आपल्या गाडीची कड त्यात जेमतेम दिसेल. त्यानंतर मस्तक गाडीच्या मध्यभागी, दोन आसनांच्या दरम्यान, आणावे आणि त्याच रीतीने डावा आरसा बाहेर वळवावा. सरळ बसल्यावर दोन्ही आरशांतून आपली गाडी दिसेनाशी होते आणि प्रथम काहीतरी चुकल्यासारखे वाटते. परंतु आता शेजारचा रस्ता आरशात आलेला असतो. याची पारख करणे सोपे आहे. उजवीकडून आपल्याला ओलांडून जाणाऱ्या एखाद्या गाडीवर लक्ष ठेवावे: ती आतल्या आरशातून बाहेर पडण्याच्या सुमारास उजव्या आरशात प्रकट झाली पाहिजे आणि उजव्या आरशातून जाता जाता डोळ्याच्या कोपऱ्यात दिसू लागली पाहिजे. दोहोंच्या दरम्यान ती क्षणभरही अदृश्य झाली, तर आरसा आणखी थोडा बाहेर हवा.

या रीतीवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. आपल्या गाडीची कड दिसत नसेल तर आरशातील वस्तू नेमकी कोठे आहे हे कशावरून ओळखावयाचे, आणि अरुंद बोळातून गाडी मागे घ्यावयाची कशी? त्यात तथ्य आहे. गाडी मागे घेताना मस्तक थोडे कलते केले की कड पुन्हा दिसते. आणि नवशिक्याने सवय होईपर्यंत गाडीची अगदी बारीक कड आरशाच्या आतल्या बाजूला राहू दिली तरी बिघडत नाही. मात्र ती कड बोटभर असावी, आरशाचा हिस्सा बळकावणारी नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि आरसे कितीही काटेकोर लावले तरी लेन बदलण्यापूर्वी खांद्यावरून एक ओझरती नजर टाकण्याचे कर्तव्य संपत नाही; आपल्या रस्त्यांवर दुचाकी डावीकडूनही येते, उजवीकडूनही येते, आणि कधी दोन गाड्यांच्या फटीतूनही येते.

आरशात जे अंतर दिसते तेच खरे अंतर, हा तिसरा समज. आपल्या बहुतेक मोटारींचा आतला आरसा सपाट असतो आणि बाहेरचे आरसे बहिर्वक्र असतात. बहिर्वक्र आरसा अधिक विस्तृत प्रदेश दाखवितो, पण त्याबद्दल प्रत्येक वस्तूची प्रतिमा लहान करतो. आणि लहान दिसणारी वस्तू दूर असली पाहिजे, असा निष्कर्ष मन आपल्या इजाजतीवाचून काढून मोकळे होते. आरशातील वस्तू दिसते त्याहून जवळ आहे, अशा अर्थाची इंग्रजी सूचना काही आरशांवर कोरलेली असते ती याच कारणास्तव. एकच मागची गाडी प्रथम बाहेरच्या आरशात आणि लगेच आतल्या आरशात पाहावी; दोन प्रतिमांच्या आकारातील तफावत पाहून कोणीही चकित होईल. बाहेरच्या आरशावरून गाडी आहे की नाही हे ठरवावे. ती किती जवळ आहे हे आतल्या आरशास विचारावे. ताशी 20 किलोमीटरच्या फरकाने वेगात असलेली मागची गाडी दर सेकंदास साडेपाच मीटरने जवळ येते, आणि द्रुतगती मार्गावर हा फरक याच्या दुपटीहूनही अधिक असू शकतो.

आरशाचा इतिहास येथे एका गोष्टीसाठी सांगण्याजोगा आहे. डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक महिलेने 1909 च्या आपल्या पुस्तकात स्त्री-चालकांना हाताचा लहान आरसा जवळ बाळगून मागची रहदारी पाहण्याचा सल्ला दिला होता. 1911 साली इंडियानापोलिसच्या पहिल्या 500 मैलांच्या शर्यतीत रे हॅरून हा स्पर्धक, इतरांप्रमाणे शेजारी साहाय्यक न घेता, एकटाच उतरला. मागे कोण येत आहे हे पाहण्याचे साहाय्यकाचे काम त्याने गाडीवर बसविलेल्या आरशाकडे सोपविले आणि ती शर्यत तो जिंकलाही. म्हणजे आरसा हा आरंभापासून एका जागत्या माणसाच्या जागी आलेला आहे. तो साहाय्यक आपण होऊन ओरडत असे. आरसा ओरडत नाही, त्याच्याकडे पाहावे लागते. मग ज्या आरशाकडे आपण पाहतो त्यावर देवाची प्रतिमा, मण्यांची माळ किंवा दसऱ्याची झेंडूची फुले लटकत ठेवण्यात श्रद्धेचे काही साधत नाही. हलणारी वस्तू नजर ओढून घेते आणि समोरच्या काचेचा एक तुकडा झाकून टाकते. पूजा अवश्य करावी, पण माळ बॉनेटवर घालून निघण्यापूर्वी उतरवावी.

रात्री मागच्या गाडीचा प्रखर प्रकाश डोळ्यांवर आला की आतला आरसाच छताकडे फिरवून टाकणारे चालक थोडे नाहीत. त्या आरशाखाली एक लहानशी कळ असते, तिच्याविषयी त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. त्या आरशाची काच पाचरीसारखी, एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला पातळ असते. दिवसा मागच्या, पारा लावलेल्या पृष्ठावरून प्रतिमा दिसते; कळ ओढली की ते परावर्तन छताकडे जाते आणि डोळ्यांपर्यंत केवळ पुढच्या साध्या काचेवरून परतणारा, शेकडा 4 च्या आसपास, प्रकाश पोहोचतो. मागची गाडी दिसत राहते, डोळे मात्र दिपत नाहीत. सकाळी ती कळ पूर्ववत करण्याचे विसरू नये, इतकेच.

आता आसनाकडे वळू. आरामशीर आसन म्हणजे रेललेले आसन, ही कल्पना दिवाणखान्यात शोभते. पाठ फार मागे झुकविली तर अपघाताच्या धक्क्यात शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरते आणि पट्टा नितंबांच्या हाडांवर राहण्याऐवजी मऊ पोटावर चढतो. क्लच पूर्ण दाबूनही गुडघा किंचित वाकलेला राहावा. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकावे. आणि छाती व स्टिअरिंगचा मध्य यांत निदान 25 सेंटीमीटर अंतर असावे. हे शेवटचे माप एअरबॅगसाठी आहे. पापणी लवण्याच्या आत फुगणारी ती पिशवी पूर्ण फुगल्यावर शरीराला झेलते, परंतु फुगत असताना मध्ये आलेल्या शरीराला जबर आघातही करू शकते. एअरबॅग आहे म्हणून पट्टा नको, असे मानणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की पट्ट्याने शरीर जागेवर धरून ठेवलेले आहे असे गृहीत धरूनच ती पिशवी योजिलेली असते. स्टिअरिंग घड्याळातील 10 आणि 2 वर धरावे हा जुना पाठही याच कारणाने बदलला. 9 आणि 3 वर हात ठेवले म्हणजे फुगणाऱ्या पिशवीच्या मार्गात बाहू येत नाहीत आणि ताबाही चांगला राहतो.

आसनाच्या वरची उशी मान टेकून विश्रांती घेण्यासाठी आहे, असे नावावरून वाटते खरे; तिचे काम मागून धडक बसल्यावर मस्तक मागे फेकले जाऊन मानेला जी दुखापत होते ती थोपविण्याचे आहे. ती सर्वांत खालच्या खाचेत ठेवली, जशी ती बहुधा असते, तर मान तिच्या कडेवरून मागे वाकते. उशीचा माथा आपल्या मस्तकाच्या माथ्याशी यावा, निदान कानांच्या वर असावा, आणि मस्तक व उशी यांत फार अंतर नसावे.

पायांविषयी एकच सांगतो. डावा पाय सतत क्लचवर टेकून हाफ क्लचवर गाडी हाकण्याने सफाई येत नाही, क्लच प्लेट मात्र झिजते. त्या पायासाठी डावीकडे जागा केलेली असते. आणि आसनाखाली पाण्याची बाटली मोकळी ठेवण्याची हयगय कोणीही करू नये. उतारावर ती घरंगळत येऊन ब्रेकच्या पायपट्टीखाली अडकली, की ब्रेक तळापर्यंत जात नाही; आणि खंडाळ्याच्या घाटात ही गोष्ट ध्यानात यावी यासारखे दुर्दैव नाही. सैल मॅटवर दुसरी मॅट अंथरण्याचा धोकाही त्याच जातीचा.

त्याच घाटात पावसाळ्यात आणखी एक गैरसमज पदोपदी दृष्टीस पडतो: धुके किंवा मुसळधार पाऊस असला की चारही इंडिकेटर चमकवीत गाडी चालवावी. ती कळ उभ्या असलेल्या, बंद पडलेल्या गाडीसाठी आहे. बहुतेक गाड्यांत ती चालू असताना डाव्या-उजव्या वळणाचा इशारा मागच्यास कळूच शकत नाही, आणि मागचा चालक गाडी थांबली आहे की चालत आहे या संभ्रमात पडतो. पावसात हेडलाइट खाली घेऊन लावावेत. अप्पर लावल्याने धुक्यातील जलकणांवरून प्रकाश परतून स्वतःचीच दृष्टी बंद होते.

1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले, तेव्हापासून भोंगा वाजला नाही म्हणजे मागे कोणी नाही, अशी एक नवी समजूत रूढ होत आहे. बारीक सळई, बुटका दगड, बाजूने अकस्मात धावत येणारे मूल, यांची खबर ते यंत्र वेळेवर देईलच असा भरवसा नाही. गाडी मागे घेण्यापूर्वी तिच्यामागे जाऊन पाहणे याला अद्याप पर्याय निघालेला नाही.

दुचाकीस्वारांना मात्र वेगळी विनंती करावीशी वाटते. आरसे काढून ठेवल्याने गाडी देखणी दिसते हा समज सोडावा. आणि आरशात स्वतःचे कोपरच दिसत असेल तर तो बाहेर वळवावा. ट्रकच्या किंवा एस.टी.च्या डाव्या अंगाला लागून चालताना हे लक्षात असू द्यावे, की उंचावर उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला तो भाग सर्वांत कमी दिसतो. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

मोटार असलेल्या वाचकांनी येत्या रविवारी एवढे करावे: गाडी उभी असताना आपल्या आसनावर बसून घरातील एखाद्या मोठ्या माणसास गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारावयास सांगावे, तो कोणकोणत्या जागी तिन्ही आरशांतून व नजरेतून नाहीसा होतो हे टिपून ठेवावे, त्याप्रमाणे आरसे हलवून पुन्हा एक फेरी घ्यावी, आणि मग गाडी चालविणाऱ्या घरातील प्रत्येकाकडून हेच करवून घ्यावे.