बेसमेंटमधला अभंग

गणपतीच्या आरतीला मी पेटी धरली की कार्यक्रमानंतर कुणीतरी हमखास विचारतं, "कुणाकडे शिकलात?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एम. एस. करायला मिशिगनला आलो तेव्हा सामानात पेटी नव्हती आणि डोक्यातही नव्हती. पस्तिशीनंतरच्या एका भारतवारीत मिरजेहून एक पेटी विमानात घालून आणली. वाटेत तिच्या तीन पट्ट्या दबून बसल्या. त्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मीच उठवल्या, ते माझं पहिलं संगीतशिक्षण! बाकीचं सगळं ऐकून ऐकून, चाचपडत, रात्री मुलगी झोपल्यावर.

तेव्हा मंडळी, हा लेख कुणा जाणकाराचा नाही. एका इंजिनिअरने आपल्या बेसमेंटमध्ये पाच मिनिटांचा गाण्याचा व्हिडिओ कसा केला, आणि तो करताना काय काय चुकलं, त्याची ही हकिगत आहे.

व्हिडिओ करायचं कारण आई. ती मिरजेला असते, वय ब्याऐंशी. पूर्वी आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ होतं. दर गुरुवारी आमच्याच माजघरात सगळ्या जमायच्या. जनाबाईच्या एका अभंगाला आईने स्वतःच चाल लावली होती आणि ती म्हटल्याशिवाय गुरुवार पुरा व्हायचा नाही. शब्द वहीत आहेत, चाल कुठेच नाही. त्या बायका एकेक करून गेल्या. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात आईचा आवाज बसला तो परत आला नाही. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते. तिचं गाणं कुणी रेकॉर्ड करून ठेवलं नव्हतं का? नव्हतं. घरात प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर होता आणि कुणालाही सुचलं नाही. मलाही.

म्हणजे चाल उरली ती आईच्या डोक्यात, आणि थोडीफार माझ्या कानात. आठवते तशी वाजवून पाठवायची, आईने चुका सांगायच्या, मी सुधारायच्या, असा बेत ठरला.

आधी वाटलं, एवढा उपद्व्याप कशाला, व्हिडिओ कॉलवरच करू. आई टाळी देईल, मी वाजवेन. मिनिटभरात सगळा विचका झाला. ती टाळी द्यायची, मी तिच्यामागे, माझं ऐकून ती थांबायची, ती थांबली म्हणून मी थांबायचो. मग कागद-पेन्सिल घेतली. इथून मिरज सरळ रेषेत साधारण १३ हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी नाकासमोर टाकली तरी जायला ६५ आणि परत यायला ६५, असे १३० सहस्रांश सेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल्स वळणं घेत जातात, वर सॉफ्टवेअर आपला वेळ खातं, त्यामुळे याच्या दुप्पट सहज होतात. एकत्र वाजवणाऱ्यांना २५-३० सहस्रांशांपर्यंतचा उशीर कसाबसा चालतो. हवेतल्या आवाजाच्या हिशेबात १३० सहस्रांश म्हणजे जवळजवळ ४५ मीटर. देवळाच्या एका टोकाला आई आणि दुसऱ्या टोकाला मी! फोन कितीही महागाचा घेतला तरी हे अंतर कमी होणार नाही.

मग बेसमेंट. दिवस जानेवारीचे. पहिला शत्रू फर्नेस. त्याची घरघर पेटीच्या खर्जाच्या सुरात इतकी छान मिसळते की वेगळी काढता येत नाही. तो बंद केला. चाळीस मिनिटांनी बायको वरून शाल गुंडाळून आली आणि काही न बोलता जिन्यात उभी राहिली. दुसरा शत्रू भाता. मायक्रोफोन पेटीच्या मागे ठेवला होता, त्यामुळे सुरांपेक्षा भात्याची फुसफुसच जास्त. पुढून, पट्ट्यांच्या वर हातभर अंतरावर टांगला तेव्हा बरं झालं. फोन ठेवला इस्त्रीच्या टेबलावर, त्याखाली कुकर. दिग्दर्शन आमच्या पंधरा वर्षांच्या लेकीचं. "बाबा, तू कॅमेऱ्याकडे बघू नकोस. पासपोर्टचा फोटो काढल्यासारखा दिसतोस."

पहिल्या खेपेला मी सिनेमावाल्यांची युक्ती केली. आधी मेट्रोनोम लावून आवाज नीट रेकॉर्ड केला, मग तो लावून त्यावर नुसती बोटं फिरवत चित्र घेतलं. दोन्ही जोडून पाहिलं तर पेटी काळी एकऐवजी भलत्याच पट्टीत, आणि वर जलद! धड पांढरी दोन नाही, धड काळी दोन नाही. चूक माझीच. आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी घेतला होता आणि व्हिडिओत घालताना हाताने आकडा टाकला ४८,०००. जवळजवळ नऊ टक्के वेग वाढला, म्हणजे पट्टी साधारण दीड स्वर वर.

हा ४४,१०० आकडा आला कुठून, ते आपल्यातल्या जुन्या मंडळींना आवडेल. डिजिटल ध्वनिमुद्रण सुरुवातीला व्हिडिओ टेपवर साठवत, त्यामुळे आकडा दोन्ही टीव्ही पद्धतींत बसणारा हवा होता. अमेरिकेच्या एनटीएससीत २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा, ओळीत ३ नमुने, गुणाकार ४४,१००. पालमध्ये २९४ ओळी, ५० वेळा, ३ नमुने, तरी ४४,१०० च. भारतातून आलेली लग्नाची पाल कॅसेट इथल्या व्हीसीआरवर चालायची नाही, म्हणून किती घरांत चरफड झाली असेल! त्या दोन पद्धतींचं जमलं ते एवढ्या एका आकड्यावर.

चूक दुरुस्त करून व्हिडिओ मिरजेला पाठवला. दुसऱ्या दिवशी आईचा निरोप आला. तिची कुजबुज ऐकायला हेडफोन लावावा लागतो. "अरे, कुणी पाठीस लागलंय का तुझ्या? आणि बोटं एकीकडे, सूर दुसरीकडे. वाजवतोयस की वाजवल्यासारखं करतोयस?"

ब्याऐंशीव्या वर्षी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, फोनच्या एवढ्याशा पडद्यावर तिने ते पकडलं.

यावरून गोविंदराव टेंबे आठवले. १८८१ साली जन्मलेले टेंबे कोल्हापूरच्या देवल क्लबात ऐकून तयार झाले. पेटी बहुतांशी स्वतःच शिकले. (माझ्यासारख्यांनी उगाच खूश होऊ नये, त्यांचा कान तो त्यांचा कान.) १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला, त्यात हरिश्चंद्राची भूमिका टेंब्यांची आणि संगीतही त्यांचंच. तेव्हा पार्श्वगायन आलं नव्हतं. कॅमेऱ्यापुढे उभं राहून गायचं, साथीदारांनी चौकटीबाहेर बसून वाजवायचं, आवाज आणि चित्र एकाच वेळी. चुकलं की सगळं पहिल्यापासून. मी ठरवलं, आपणही तसंच करायचं. एका दमात.

पण लयीचं काय? भजनी ठेका आठ मात्रांचा, तो मेट्रोनोमवर लावता येतो. आईची चाल मात्र दुसऱ्या ओळीनंतर कुठेतरी रेंगाळते, आणि किती रेंगाळते ते मला आठवेना. तोडगा वहिनीने काढला. तिने आईला पलंगावर टेकून बसवलं आणि सांगितलं, मनातल्या मनात म्हणा, हाताने ठेका धरा. मिरजेहून व्हिडिओ आला. पलंगाच्या दांडीवर आईचा हात पडतोय, ओठ हलतायत, आवाज दांडीचा फक्त. दुसरी ओळ संपली की हात हवेत थांबतो. मी घड्याळ लावून मोजलं, एकदा सव्वा सेकंद, एकदा जवळजवळ दोन. कडव्याप्रमाणे बदलतो. मेट्रोनोममध्ये ही सोय नाही.

मग मी तो व्हिडिओ लॅपटॉपवर लावला, कानात दांडीचा ठोका घेतला आणि त्यावर वाजवायला बसलो. उशिराचा प्रश्नच उरला नाही, कारण ती आधीच वाजवून मोकळी झाली होती. जोडताना सुरुवातीला एक टाळी वाजवली. हात टेकल्याचं चित्र आणि आवाजातलं टोक जुळवलं की ओठ-बोटं सगळं जुळतं. आणखी एक नशीब म्हणजे दोन्ही फोन सेकंदाला ३० चित्रंच घेतात. पाल-एनटीएससीच्या काळात मिरजेचा हात २५ चित्रांचा आणि माझी बोटं ३० चित्रांची झाली असती.

सतरा वेळा वाजवलं. अठराव्या वेळी शेवटापर्यंत पोचलो. लेकीने आजीचा हात चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात बसवला. पाठवला.

या वेळी निरोप आला नाही, थेट फोन. "लय बरोबर आहे. दुसऱ्या ओळीत मध्यमावरून गंधारावर घसरत यायचं, ते नाही आलं."

मी म्हटलं, आई, पेटीत मींड नाही. एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची, मधलं काही नसतंच. १९४० ते १९७१ अशी तीन दशकं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामागे हेही एक कारण होतं. (हे सगळं मी तिला खरंच सांगितलं.)

"मग तोंडाने म्हण की."

मी कधी गायलेलो नाही. आरतीतसुद्धा पेटीआड लपून ओठ हलवतो. त्या रात्री सगळे झोपल्यावर फर्नेस बंद केला, दार लावलं आणि आईचा हात पडद्यावर लावून म्हणायला लागलो. आवाज भसाडा आहे, दोनदा फाटला. मधल्या एका ठिकाणी सूर घसरून कुठे जायला हवा ते गळ्याला आपोआप कळलं. लहानपणी भिंतीला टेकून ऐकलेलं असावं. ते काही न सुधारता पाठवून दिलं.

वहिनी सांगते, आईने फोन कानाला लावून तीनदा ऐकलं, पडद्याकडे पाहिलंच नाही. मग मला निरोप: "दुसरी ओळ झाली. चौथ्या कडव्याला चाल निराळी आहे, तुला ठाऊक नाही. ती फोनवर नाही यायची. आल्यावर सांगते."

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. लेक म्हणते, या खेपेला कॅमेरा आजीच्या ओठांवर लावायचा आणि बाबाने चौकटीबाहेर बसायचं.