गाठ उचलणारा स्नायू आणि धडधडणारे हृदय

"छातीत जरा भरून आल्यासारखं होतंय. काल गाठी जास्त उचलल्या, स्नायू धरला असेल. बाम चोळला की बरं वाटेल." भिवंडीत असे बोलणे नवीन नाही. राहनाळ, काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांत माल चढविणारे-उतरविणारे हमाल असोत, की बारा बारा तास मागावर उभे राहणारे कारागीर असोत, कष्टाचे अंग दुखायचेच, अशी सर्वांची समजूत असते. पुष्कळदा ती खरीही असते. पण छातीत दोन जातींचे स्नायू आहेत. एक बरगड्यांवरचा, खांद्याला जोडलेला आणि दुसरा खुद्द हृदयाचा. दोघांची घडण वेगळी, काम वेगळे, म्हणून त्यांच्या दुखण्याचा अर्थही वेगळा. हा फरक आज समजावून घेऊ.

बीमवरचा ताणा

आपल्या शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. ते आपल्या इच्छेनुसार हलतात, म्हणून त्यांना ऐच्छिक स्नायू म्हणतात. त्यांच्या पेशी नळीसारख्या लांब असतात. काही तर कित्येक सेंटिमीटर भरतात. बाळ गर्भात असताना अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून अशी एक लांब पेशी बनते, त्यामुळे तिच्यात एक नव्हे, अनेक केंद्रके असतात.

पेशीच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे असतात. मायोसिनचे धागे ॲक्टिनच्या धाग्यांना धरून ओढतात, धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो. हे धागे इतके शिस्तीत मांडलेले असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीवर आडवे पट्टे दिसतात.

बीमवर गुंडाळलेला ताणा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक धागा सुटा, पण सगळे एकाच दिशेने. ऐच्छिक स्नायूच्या पेशीही अशाच शेजारी शेजारी असतात, म्हणून एका दिशेने जोरदार ओढ मिळते. प्रत्येक पेशीपर्यंत मज्जातंतूचे टोक पोहोचलेले असते. चहाचा कप उचलायचा तर थोड्याच पेशींना हुकूम सुटतो, बाकीच्या स्वस्थ असतात. कापडाची गाठ उचलायची तर पुष्कळ पेशी कामाला लागतात. भरलेली बादली धरून ठेवायची तर हा स्नायू आखडलेला राहू शकतो. थकला की आपण बादली खाली ठेवतो.

विणलेले कापड

हृदयाच्या पेशींतही तेच ॲक्टिन, तेच मायोसिन आणि तसेच पट्टे असतात. पण या पेशी आखूड असतात, त्यांना फाटे फुटलेले असतात आणि बहुतेकींत एकच केंद्रक असते. एका पेशीचे टोक दुसरीला घट्ट जोडलेले असते. या सांध्यांत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे पेशींना एकमेकींपासून सुटू न देणारी मजबूत पकड आणि दुसरी म्हणजे विजेचा संदेश पलीकडे नेणारी बारीक छिद्रे. म्हणजे हा सुटा ताणा नव्हे, विणलेले कापड आहे. एका ठिकाणी निघालेला संदेश सगळीकडे पसरतो आणि संपूर्ण कप्पा एकदम आवळला जातो. हृदयातील पेशींना पाळी लावून निम्म्यांना घरी पाठविता येत नाही. प्रत्येक ठोक्याला सर्वांची हजेरी लागते.

हा संदेश मेंदूकडून यावा लागत नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील काही खास पेशी तो स्वतःच निर्माण करतात. मेंदूकडून येणारे मज्जातंतू फक्त वेग कमी-जास्त करतात. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिली हृदयरोपण शस्त्रक्रिया केली. तो रुग्ण काही तासच जगला, पण पुढे जगभर अशा शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागल्या. रोपण करताना हृदयाचे मज्जातंतू तोडलेलेच राहतात, तरीही नवे हृदय आपल्या तालात चालते.

विश्रांती कधी?

मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात. हृदय कधीच विश्रांती घेत नाही असे म्हणतात, ते पुरते खरे नाही. सेकंदाच्या सुमारे आठ दशांश भागात एक ठोका पुरा होतो. त्यातील तीन दशांश आवळण्यात आणि पाच दशांश सैल पडण्यात जातो. एकदा आवळल्यावर सैल पडेपर्यंत ही पेशी दुसरा हुकूम मानतच नाही. ते बरेच आहे. बादली धरलेल्या हातासारखे हृदय आवळून राहिले, तर त्यात रक्त भरणारच नाही.

या सैल पडण्याच्या वेळातच डाव्या कप्प्याच्या भिंतीला बहुतांश रक्त मिळते. काम वाढून ठोके जलद झाले, की हा वेळ घटतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठ्याची वेळ कमी होते. निरोगी रक्तवाहिन्या रुंदावून ही तूट भरून काढतात. आतून चिंचोळ्या झालेल्या रक्तवाहिन्यांना ते जमत नाही.

उधारी नाही, सारे रोखीने

जोराचे काम करताना हातापायांच्या स्नायूंना प्राणवायू कमी पडला, तरी साठवलेल्या साखरेवर ते काही वेळ काम ओढतात. मग आपण धापा टाकून ती उधारी फेडतो. हृदयाचा व्यवहार मात्र रोखीचा. त्याच्या पेशीचा सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग ऊर्जा बनविणाऱ्या तंतुकणिकांनी व्यापलेला असतो आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही हृदय आपल्याला मिळालेल्या रक्तातील जवळजवळ तीन चतुर्थांश प्राणवायू काढून घेते. शिल्लक उरतेच किती?

त्यामुळे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली, तर साधारण अर्ध्या तासात पेशी मरू लागतात आणि पुढचे काही तास हे नुकसान वाढत जाते. हातापायांच्या स्नायूला इजा झाली तर राखीव पेशी ती बरीचशी भरून काढतात. हृदयाच्या पेशी मात्र तरुणपणीही वर्षाला सुमारे एक टक्काच नव्या होतात. मेलेल्या भागाच्या जागी चट्टा येतो आणि चट्टा आवळत नाही.

मग ओळखावे कसे?

हात हलविल्याने, कूस बदलल्याने किंवा बोटाने दाबल्याने वाढणारे दुखणे बहुधा वरच्या स्नायूचे असते. जिना चढताना, ओझे उचलताना छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ होते आणि थांबल्यावर मिनिटांत ओसरते, अशी तक्रार हृदयाची असू शकते. त्यासाठी लवकरच डॉक्टरांना दाखवावे. हा दाब थांबूनही ओसरला नाही, दहा-पंधरा मिनिटे टिकला, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेला, थंड घाम सुटला, श्वास लागला, तर बाम चोळत बसू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि कार्डिओग्राम निघेल अशा रुग्णालयात ताबडतोब जावे. रुग्णाला चालवू नये, स्वतः स्कूटरही चालवू देऊ नये. मधुमेही व्यक्तींना, वृद्धांना आणि काही स्त्रियांना छातीत दुखण्याऐवजी नुसता दम लागतो, मळमळते किंवा गळून गेल्यासारखे वाटते, हेही लक्षात ठेवावे. शंका असल्यास तपासून घेणेच बरे.

"आम्ही अंगमेहनत करतो, आम्हाला हृदयविकार कसला?" या भरवशावरही राहू नये. दंड पीळदार झाले म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ राहतात असे नाही. बिडी, तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह हमालालाही सोडत नाहीत. रातपाळीत झोप उडविण्यासाठी ओढलेली बिडी याच रक्तवाहिन्यांच्या मुळावर येते. दुखरा दंड दोन दिवसांच्या विश्रांतीने पुन्हा गाठ उचलू लागेल. हृदयाला मात्र दोन दिवस थांबायला वेळ नसतो.