प्रकाशीय तबकड्यांचे वाचन आणि उपकरणाधिकाराचा प्रश्न

पनवेलजवळचे शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मग्राम. १८४५ साली त्यांचा जन्म तेथे झाला. या गावाविषयी वीस वर्षांपूर्वी कोणा अभ्यासकाने जमविलेली टिपणे, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे असलेली एखादी सीडी शिरढोणच्याच एका विद्यार्थ्याच्या हाती आली, अशी कल्पना करू. तो ती विभागातील लिनक्स संगणकात घालतो, पहिले काही भाग विनासायास उतरवून घेतो आणि उरलेले काम घरून जाळ्यावाटे करावे म्हणून गावी परततो. तेथून मात्र त्याच संगणकाकडून उत्तर येते : ‘परवानगी नाकारली’. मनुष्य तोच, तबकडी तीच. मग अधिकार गेला कोठे?

प्रश्न केवळ तांत्रिक कुतूहलाचा नाही. लिहिता येणाऱ्या सीडीवरील माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या पातळ थरात असते आणि उष्णता, प्रकाश व दमटपणा यांनी तो थर क्षीण होत जातो. कोकणची हवा या बाबतीत मुळीच दयाळू नाही. तेव्हा जे उतरवायचे ते लवकर उतरविले पाहिजे.

प्रथम नकाराचे स्वरूप ओळखावे. ‘माध्यम आढळले नाही’ किंवा ‘आदान-प्रदानात त्रुटी’ असे उत्तर आले, तर दोष बहुधा तबकडीचा अथवा यंत्राचा असतो. अधिकारांशी कितीही खटपट केली तरी तो जाणार नाही. परवानगीचा नकार हा निराळा प्रकार होय.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा आरंभ केला, तिच्यात उपकरणेही फाइलींच्या रूपाने मांडलेली असतात. लिनक्सवर पहिला प्रकाशीय वाचक ‘डेव्ह’ या निर्देशिकेत ‘एसआर०’ या नावाने दिसतो. ‘एलएस’ या आज्ञेने सविस्तर यादी मागितली असता डेबियनसारख्या वितरणात त्याचा स्वामी ‘रूट’, गट ‘सीडीरॉम’ व अधिकार ०६६० असे आढळते. म्हणजे स्वामी व गट यांना वाचन-लेखन, इतरांना काहीच नाही.

आता मूळ कोडे सुटते. संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या व्यक्तीस ‘सिस्टमडी’चा प्रवेश-व्यवस्थापक तात्पुरता व्यक्तिगत अधिकार देतो. यादीत अधिकारचिन्हांच्या शेवटी अधिकचे चिन्ह दिसते, ते याचेच द्योतक. आसन सोडताच हा अधिकार काढून घेतला जातो, आणि जाळ्यावाटे येणाऱ्यास तो मिळतच नाही. आमच्या मते ही योजना शहाणपणाची आहे : दूर बसलेल्या कोणीही दुसऱ्याच्या टेबलावरील तबकडी वाचावी, हे इष्ट नव्हे.

ज्याला दुरून काम करणे खरोखर आवश्यक आहे, त्याचे नाव व्यवस्थापकाने ‘सीडीरॉम’ गटात घालावे. ‘यूजरमॉड’ वापरताना ‘जोडा’ अशा अर्थाचा ‘ए’ हा पर्याय गाळला, तर त्या व्यक्तीचे इतर पूरक गट पुसले जातात, हे ध्यानात ठेवावे. शिवाय गटांची यादी प्रवेशाच्या वेळी ठरते; बाहेर पडून पुन्हा प्रवेश केल्याखेरीज बदल लागू होत नाही. पुष्कळ जण येथेच फसतात आणि उपाय निष्फळ ठरला असे समजतात.

‘सीएचमॉड’ने उपकरण सर्वांना खुले करणे हा लोकप्रिय उपाय आहे, पण तो टिकत नाही. ‘डेव्ह’मधील नोंदी तबकडीवर साठविलेल्या नसून संगणक सुरू होताना स्मृतीत नव्याने निर्माण होतात, आणि त्यांचे गट व अधिकार ‘यूडेव्ह’ आपल्या नियमांनुसार ठरवितो. कायमचा बदल हवा असेल तर ‘ईटीसी’खालील ‘यूडेव्ह’च्या नियमसंग्रहात स्वतंत्र नियम लिहावा. रूटचा संकेतशब्द वाटणे हा तर उपायच नव्हे. एका सीडीसाठी साऱ्या संगणकाची किल्ली कोण देईल?

तबकडी लिहिण्याच्या बाबतीत एक जादा अडथळा आहे. २००४ मधील २.६.८ या आवृत्तीपासून लिनक्सचे कर्नेल सामान्य वापरकर्त्याने यंत्राकडे थेट धाडलेल्या आज्ञा गाळून घेऊ लागले आणि त्या काळी लेखनाचे कार्यक्रम एकाएकी बंद पडले. वाचनासाठी याची चिंता नको.

कधी उपकरण उघडते, तबकडी जोडली जाते, तरी आतील एखादी फाइल मात्र उघडत नाही. हे दुसरे कुलूप तबकडीतच असते. ‘रॉक रिज’ या विस्तारामुळे आयएसओ ९६६० रचनेत मूळ संगणकावरील स्वामीचा क्रमांक व अधिकार जसेच्या तसे उतरू शकतात, आणि वीस वर्षांपूर्वीचा तो स्वामी आजच्या संगणकाला अनोळखी असतो. जोडताना ‘नोरॉक’ हा पर्याय दिला की त्या नोंदी दुर्लक्षिल्या जातात. मात्र तबकडीवर ‘जोलिएट’ रचना नसेल, तर लांब नावे आखूड होऊन दिसतील. म्हणून मूळ नावांची यादी आधी करून ठेवावी. उत्तम मार्ग असा, की वाचनाधिकार मिळताच प्रथम संपूर्ण तबकडीची एकच प्रतिमा-फाइल करावी व पुढील सर्व प्रयोग तिच्यावर करावेत.