कार्डावरचा फोटो खरा का?



मागच्या हंगामात आपल्याच एका बोटीवरचा खलाशी तपासणीत अडकला. माणूस सरळ, चार वर्षं त्याच तांडेलाबरोबर. आधारवरचा फोटो लहानपणचा, ओळखू येईना, म्हणून गावाकडच्या झेरॉक्सवाल्याने कॉम्प्युटरवर नवा फोटो चिकटवून कार्ड परत छापून दिलं. याला वाटलं, कार्ड दुरुस्त झालं! क्यूआर कोड स्कॅन केला तर आत जुनाच पोरगा. बोट गेली, हा दोन दिवस जबाब देत बसला. फेरीचे पैसे बुडाले ते वेगळेच.

एवढं बारीक का बघतात, हे दर्यावरच्या माणसाला सांगायला नको. २००८ साली पोरबंदरची 'कुबेर' बोट पळवून, तिच्यावरच्या आपल्या भावांना मारून ते दहा जण मुंबईत उतरले. त्यांच्याकडे हैदराबादच्या अरुणोदय कॉलेजची ओळखपत्रं होती. फोटो त्यांचेच, नावं खोटी. म्हणजे नुसता चेहरा जुळला म्हणून भागत नाही. पुढच्याच वर्षी सरकारने मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक कार्डांचं काम हाती घेतलं, ते यातूनच.

मग आपण काय बघायचं? फोटोमागचा पांढरा रंग कार्डाच्या रंगात मिसळत नाही, केसांची कड कातरल्यासारखी दिसते, असं असेल तर शंका घ्या. पण चांगला कारागीर डोळ्याला सापडत नाही. त्यामुळे भरवसा क्यूआरवर. २०१८ नंतरच्या आधारच्या क्यूआरमध्ये नाव, पत्ता आणि फोटोसुद्धा असतो, त्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. आत कुणी ढवळाढवळ केली की सही जुळत नाही. साध्या स्कॅनरने नुसते आकडेच्या आकडे दिसतात, घाबरू नका. प्राधिकरणाच्याच ॲपने स्कॅन करा. फोटो बारका, अंधुक येतो, पण माणूस कळतो. नेट नसलं तरी चालतं.

एक प्रकार मात्र क्यूआरलाही सापडत नाही. दोन चेहरे मिसळून एकच फोटो बनवायचा आणि तो अर्जालाच लावायचा. जर्मनीत २०१८ साली एका कलाकार गटाने आपल्यातल्या एकीच्या चेहऱ्यात युरोपियन युनियनच्या त्या वेळच्या परराष्ट्र प्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांचा चेहरा मिसळला आणि चक्क खरा पासपोर्ट मिळवला! कागद अस्सल, आतला चेहरा दोघींचा. त्या देशाने मे २०२५ पासून घरून आणलेला कागदी फोटो घेणं बंद केलं. आपली काही पोरं जहाजावर जातात, त्यांनी पासपोर्टसाठी फोटो 'गोरा करून' घेणंसुद्धा सोडावं.

आधारवरचा फोटो जुना असेल तर तो आधार केंद्रातच बदलतो, ऑनलाइन नाही आणि झेरॉक्सच्या दुकानात तर नाहीच. नारळी पौर्णिमेआधी सगळ्या तांडेलांनी आपापल्या खलाशांची मूळ कार्डं सोसायटीत आणावीत, आपण स्कॅन करून बघू. झेरॉक्स आणू नका. त्या खलाशाचं नवं कार्ड आलंय, यंदा तो पहिल्याच फेरीला जातोय.


— सचिव, सोसायटी कार्यालय