छापलेला हात घालण्यापूर्वी त्याची आतली बाजू पाहा

कोल्हापूरच्या माणसाला जॉबचे फिनिशिंग समजावून सांगावे लागत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाऊंड्रीत राबणारे आपले बांधव कास्टिंगवर बोट फिरवून खोट ओळखतात. पण जॉब यंत्रात न बसता माणसाच्या कातडीवर बसणार असेल, तर नुसते बोट पुरत नाही.

प्रेसवर किंवा गुऱ्हाळाच्या चरकात बोटे गमावलेल्यांसाठी आता थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकचा हात छापता येतो. दक्षिण आफ्रिकेतील सुतार रिचर्ड वॅन आस यांची बोटे २०११ मध्ये काम करताना तुटली. अमेरिकेतील आयव्हन ओवेन यांच्या साथीने त्यांनी असा हात तयार केला आणि २०१३ मध्ये त्याचा आराखडा सर्वांसाठी मोफत खुला झाला. त्यामुळे हे हात स्वस्तात बनू लागले.

हा प्रिंटर वितळलेल्या प्लॅस्टिकचे थरावर थर चढवतो. एक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या दोन-तीन पट जाड. वरून गुळगुळीत दिसणारा भाग प्रत्यक्षात बारीक पायऱ्यांचा असतो. घाम आला की या पायऱ्या कातडीला घासतात, कातडी लाल होते, सोलते. मधुमेहाने किंवा नस तुटल्याने बधिरपणा आला असेल, तर दुखत नाही आणि जखम उशिरा कळते. शिवाय जंतू सुमारे ०.००१ मिलिमीटरचा असतो. ०.१ मिलिमीटरच्या फटीत असे शंभर जंतू शेजारी शेजारी मावतात. तिथे साबणाचा हात पोहोचत नाही.

या पायऱ्या आणि फटी डिजिटल मायक्रोस्कोपमध्ये स्पष्ट दिसतात. हा म्हणजे भिंग आणि एलईडी दिवे असलेला छोटा कॅमेरा. मोबाइल किंवा संगणकाला जोडला की चित्र पडद्यावर येते. खोक्यावरच्या ‘१००० पट’ या आकड्याला भुलू नका. या कामाला २० ते ५० पट पुरे. त्याहून वाढवले तर थोडाच भाग दिसतो आणि उंचसखल भाग धूसर होतो.

तपासणी अशी करावी :

१. भाग धुऊन कोरडा करा. मायक्रोस्कोप हातात न धरता स्टँडवर लावा.

२. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढा, म्हणजे फटीचे माप कळेल.

३. कॅमेऱ्याचे दिवे मंद करून बाजूने तिरपी बॅटरी मारा. तिरप्या उन्हात शेतातल्या सऱ्या उठून दिसतात, तसे थर दिसतील.

४. कातडीला टेकणारी आतली बाजू, कडा आणि पट्ट्याची भोके आधी पाहा.

प्लॅस्टिकची बोंडे, तंतू किंवा आधार तोडल्याच्या खुणा दिसल्या तर पाण्याच्या पॉलिश पेपरने, ओले ठेवूनच घासा, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही. मग धुऊन पुन्हा पाहा. थर सुटले असतील किंवा चीर असेल, तर घासून उपयोग नाही. तो भाग नवा छापायला सांगा. रेझिनचा भाग चिकट लागला तर अंगाला लावू नका. कच्च्या रेझिनने पुरळ उठू शकते. निर्जंतुक करायचे म्हणून उकळत्या पाण्यातही टाकू नका. पीएलए प्लॅस्टिक सुमारे ६० अंशांलाच मऊ पडते.

मायक्रोस्कोपला आतली पोकळी दिसत नाही, जंतूही दिसत नाहीत. हात नीट बसतो की नाही हे डॉक्टर किंवा कृत्रिम अवयवांचे तज्ज्ञच ठरवतील. पहिल्या दिवशी अर्धा तासच घाला आणि काढून कातडी पाहा. लाली १५-२० मिनिटांत गेली नाही तर हात घालणे थांबवा आणि दाखवा. दर महिन्याला त्याच जागेचा फोटो काढून जुन्याशी ताडून पाहा.

एका घराला हे यंत्र घेणे जमत नसेल, तर अभ्यासिकेत सर्वांसाठी एक ठेवता येईल. डिप्लोमा करणारी आपली मुले-मुली ते सहज हाताळतील. फाऊंड्रीत खराब जॉब परत पाठवतात, त्यात कुणाला संकोच वाटत नाही. मग ‘मोफत मिळाला, तक्रार कशी करू’ असे हात घालणाऱ्यानेही मनात आणू नये. फोटो दाखवावा आणि दुरुस्त करून मागावा.