उन्हाळ्यात संगणक का रखडतो?

मे महिन्यात लातूर-नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरचा संगणकही रखडायला लागतो. लोक लगेच व्हायरसला बोल लावतात. पण प्रोसेसर साधारण ९० ते १०० अंशांपर्यंत तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. खोली तापलेली, त्यात पंख्यावर धुळीचा थर. उष्णता बाहेर पडणार कुठून? प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झटकावी. झटकताना पातं बोटानं धरावं, गरगर फिरू देऊ नये.

तरीही रखडला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘डिस्क’च्या रकान्यात सतत १०० टक्के दिसत असेल, तर बहुधा जुनी हार्ड डिस्कच दोषी. तिची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते, तरी हवी ती नोंद गाठायला सुमारे १० मिलिसेकंद जातात. तिच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीत फिरणारं काही नसतंच. तेच काम तिथे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं. माझ्या मते जुन्या संगणकावर पैसे घालायचेच, तर आधी इथे.

‘मेमरी’ भरलेली दिसली, तर स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद करा. फुकटातली ‘स्पीड बूस्टर’ मात्र टाकू नका; बरीचशी स्वतःच मेमरी खातात. आणि डिस्क बदलण्याआधी फोटो, सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका पेनड्राइव्हवर काढून घ्या.