सिद्धता जिथे थांबते

नववीच्या गणितात ‘संच’ हा धडा असतो. महिरपी कंसात घटक लिहिले की संच झाला, इतकी ती कल्पना साधी. आजचे जवळपास सगळे गणित याच कल्पनेवर उभे आहे आणि तिच्याविषयीचा एक प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून सुटलेला नाही.

जर्मनीतील गणितज्ञ गेऑर्ग कँटर यांनी १८७४ मध्ये सिद्ध केले, की १, २, ३... या नैसर्गिक संख्यांची रेषेवरच्या सर्व बिंदूंशी एकास एक संगती लावता येत नाही. कशीही लावली तरी बिंदू उरतातच. दोन्ही संच अनंत, पण दुसरा पहिल्याहून मोठा. मग या दोहोंच्या मधला एखादा संच असेल का? नसावा, असा कँटर यांचा अंदाज होता. गणितज्ञ हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये पॅरिसला गणितातले जे न सुटलेले प्रश्न मांडले, त्यांत हा पहिला होता.

पुढच्याच वर्षी बर्ट्रंड रसेल यांना संचाच्या कल्पनेच्या पायातच विसंगती सापडली. स्वतःचा घटक नसलेल्या सर्व संचांचा संच घ्या. तो स्वतःचा घटक आहे म्हणावे तर नसतो, नाही म्हणावे तर असतो! म्हणजे मनात येईल तो समूह संच मानता येत नाही. म्हणून १९०८ मध्ये त्सेर्मेलो यांनी संचांसाठी गृहीतके घालून दिली. फ्रेंकेल प्रभृतींनी त्यांत भर घातली.

ही गृहीतके परस्परविरोधी नसतील, तर त्यांच्या आधारे कँटर यांचा अंदाज खोटा ठरवता येत नाही, हे कुर्ट गोडेल यांनी १९३० च्या दशकात दाखवले. तो खराही ठरवता येत नाही, हे पॉल कोहेन यांनी १९६३ मध्ये दाखवले.

इथून तत्त्वज्ञान सुरू होते. गोडेल यांच्या मते संच आपल्या मनावर अवलंबून नसतात. उत्तर आहेच, गृहीतके अपुरी आहेत. गणितज्ञ जोएल डेव्हिड हॅमकिन्स मात्र संचांची अनेक विश्वे मानतात. काहींत अंदाज खरा, काहींत खोटा आणि ही विविधता समजणे हेच उत्तर.

मला गोडेल यांची बाजू पटते. रेषेवरचे बिंदू किती, हे विचारताना आपण एकाही गृहीतकाचे नाव घेत नाही. मग गृहीतके अडली म्हणून प्रश्नच अनिश्चित कसा म्हणावा? प्रचंड मोठ्या अनंत संचांचे अस्तित्व मानणारी नवी गृहीतके इतर अनेक कोडी सोडवतात, हे मात्र त्यांनाही सुटत नाही. तरी नव्या गृहीतकाचा शोध सोडू नये. ते सिद्ध करता येणार नाही. त्यातून काय निष्पन्न होते हे पाहूनच ते पारखावे लागेल आणि ही पारखसुद्धा गणिताचेच काम आहे.